बाळारामकाकांची शुक्रवारची सही

टेमघर, भिवंडी
रविवार, ७ डिसेंबर २०२५

आदरणीय रामदासमामा,

भाचा जीवन याचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी फोनवर सांगत होत्या की तुम्ही रोज सकाळी वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पाय सोडून बसता आणि शेजारच्या परक्या माणसाला विचारता, तुमचा दावा कुठल्या कोर्टात आहे. चौतीस वर्षं कोर्टात काढली, त्यातली शेवटची बारा नाझर म्हणून हाताखालच्या बेलिफांना तासण्यात, तेव्हा ही सवय कुंडात बुडवून जाणार थोडीच? आमच्याकडे सगळं बरं आहे. कौसल्येचं बीपी गोळीने ताळ्यावर आहे, लेक धम्मदिना बारावीला आहे आणि अभ्यास करते (असं तिचं म्हणणं आहे). मीही ठीक. फक्त दुपारी बाराच्या सुमारास पाठीवरून काहीतरी थंडगार सरकत खाली जातं, तेवढं सोडलं तर काही नाही. फोन न करता पत्र का, असं विचाराल. फोन कौसल्या ऐकते. शिवाय कोर्टाच्या माणसाने जे सांगायचं ते कागदावर सांगावं, ही तुमचीच शिकवण. (तिनेच माझा घात केलाय, पण ते पुढे येईल.)

आधी एक गोष्ट कबूल करतो, जी तुम्हाला माहीत नाही. तुमच्या शब्दावर मी बेलीफ झालो, अकरा वर्षं लोकांच्या दारात समन्स घेऊन उभा राहतोय. पण गेली तीन वर्षं मी दर रविवारी आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत कारकुनीही करतो. ओरडू नका, मामी घाबरतील. ग्रामसेवकाकडे तीन गावं, आपल्याकडे तो मंगळवारी येतो, तेही मोटारसायकल चालू झाली तर. जन्म-मृत्यूची वही तशीच पडून राहायची. सरपंच विनिताताई म्हणाल्या, जीवनभाऊ, तुमचं अक्षर कोर्टाचं, तुम्हीच लिहा. आता याला माणूस काय म्हणणार? आठवडाभर मला बघून लोक दारं लावतात, बायका पोरांना आत ओढतात, आणि रविवारी त्याच लोकांत मला हातवाली खुर्ची मिळते. (हातवाली, मामा! कोर्टात अकरा वर्षांत धड स्टूल मिळालेलं नाही.) दर जानेवारीत कोर्ट लेखी घेतं की मी दुसरीकडे कुठेही काम करीत नाही. त्याच्यावर मी तिन्ही वर्षं सही केली, चांगल्या अक्षरात केली. मनाशी म्हणायचो, सही करणारा जीवन हा सोमवार ते शनिवारचा, रविवारचा जीवन वेगळा माणूस आहे. एकदा तर कोर्टाचं पत्र पंचायतीला बजावायचं आलं. रविवारी मी ते पिशवीतून काढलं, टेबलावर ठेवलं, वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसलो, घसा खाकरून वाचलं, ‘मिळाले’ लिहून सही केली आणि पोच स्वतःलाच दिली. बेलिफाला पाणीही विचारलं. बसलेली माणसं खो खो हसली, मीही हसलो. तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. आपल्या गावचे बाळारामकाका तुम्हाला आठवत असतील. खाडीकडची भातशेती, नंतर तिच्यावर गोडाऊनं आली तरी हा माणूस पहाटे उठून बांधावर फिरून यायचा. ग्रामसभेच्या वहीत पहिली सही कायम त्यांचीच. सहीखाली रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके, सही पळून जाईल म्हणून खिळे ठोकल्यासारखे. ते ८ जानेवारीला, बुधवारी, जेवता जेवता गेले. रविवारी १२ तारखेला मी स्वतःच्या हाताने त्यांचा मृत्यू वहीत लिहिला. या तारखा लक्षात ठेवा, माझी मान त्यांच्यातच अडकली आहे. काकांचा पुतण्या दीपेश, जो इकडे टेमघरलाच फ्लॅट घेऊन राहतो, त्याने आदल्याच महिन्यात दावा लावला होता की काका राहतात ते घर आपल्या बापाच्या वाट्याचं आहे. त्या दाव्याचं समन्स माझ्या पिशवीत होतं. दीपेशने काकांना खांदा दिला, डोळे पुसले, पण कोर्टात मात्र चकार शब्द काढला नाही. मेलेला काका तारखेला येणार नाही, हे त्याला चांगलं कळत होतं.

आता शुक्रवार, १७ जानेवारी ऐका. (दुपारी वाचत असाल तर मामींना जवळ बसवून घ्या.) शुक्रवारी लूम बंद, भिवंडीचे सगळे यंत्रमाग सुटीवर, हे तुम्हाला सांगायला नको. आठवडाभर ती खटखट कानाला कळत नाही, पण शुक्रवारी ती थांबली की कान तिला शोधत फिरतात. दुपारी बाराला मी समन्स घेऊन काकांच्या आळीत शिरलो तर चिटपाखरू नाही. दारांना कुलपं, दोऱ्यांवर कपडे, आवाज कशाचाच नाही. काकांच्या पायरीवर त्यांचं कुत्रं पडलेलं. माझ्यावर भुंकलं नाही, मान उचलली नाही, डोळे तेवढे माझ्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी लागलेले. ओटीवर खुर्चीत काका बसलेले. पांढरा धुतलेला सदरा, गळ्यापर्यंत बटणं. म्हणाले, ‘आलास? लई वेळ लावलास.’ मी समन्स दिलं. त्यांनी सावकाश वाचलं, मग विचारलं, आज तारीख काय? मी सतरा म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजलं, दहाला थांबले आणि मान हलवली, जणू हिशेब जमला. मी पेन पुढे केलं. ते चालेना. मी माझ्या तळहातावर ओढून बघितलं तर झकास चाललं, त्यांच्या हातात गेलं की कोरडं. मग त्यांनी निबावर हलकी फुंकर मारली आणि सही केली. रेघ, रेघेखाली दोन ठिपके. कागद परत घेतला तर फ्रिजमधून काढल्यासारखा गार. मी पाणी मागितलं, तर म्हणाले, ‘पानी आत हाय, पन मला थांबाया जमत न्हाय. माजं पान तिकडं मांडलंय, समदी खोळंबल्यात.’

मामा, आपण भूतखेत मानत नाही. बावीस प्रतिज्ञा मी तुमच्या शेजारी उभं राहून घेतल्यात. पण डोळ्यांनी कुठे दीक्षा घेतलीय? ते आपोआप काकांच्या पायांकडे गेले. पाय सरळ होते (हे मी शपथेवर सांगू शकतो). सावली बघावी तर दुपारचे बारा, माझी स्वतःचीच सावली तळपायाखाली गेलेली. कोपऱ्यावर जाऊन मागे वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. नंतर कळलं की तो त्यांचा दहावा होता. सगळी भावकी तळ्यावर पिंड मांडून बसली होती, आणि कावळा शिवत नव्हता. कमळाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सगळं कबूल करून बघितलं, म्हैस विकणार नाही, बांध सोडणार नाही, कुणाशी भांडणार नाही. कावळा फांदीवर ढिम्म. पाऊण वाजता एकाएकी खाली आला आणि शिवला. म्हणजे माझं काम आटोपून काका तळ्यावर पोचायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात.

तुम्ही म्हणाल, गाढवा, ज्याचा मृत्यू तू रविवारी लिहिलास तो शुक्रवारी खुर्चीत दिसल्यावर तुला काहीच वाटलं नाही? मामा, रविवारचं डोकं रविवारी, शुक्रवारचं शुक्रवारी, यापेक्षा चांगलं उत्तर आज माझ्याकडे नाही. मी बजावणीचा अहवाल दिला: ‘प्रतिवादीस समक्ष भेटून समन्स दिले, त्याने सही केली.’ प्रतिवादी तारखांना हजर झाला नाही (होणार कुठून?), म्हणून निकाल एकतर्फी दीपेशकडे गेला. आता त्या घराचं ताबा वॉरंट निघालंय. येत्या शुक्रवारपर्यंत काकूंना बाहेर काढून कुलूप लावायचं आहे. आणि ते वॉरंट कुणाच्या पिशवीत आहे, हे वेगळं सांगायला नको.

इकडे काकूंच्या वकिलाने त्यांना सांगितलंय, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणा, तो दावा चालायच्या आधीच गेला हे दिसलं की निकाल टिकत नाही. तेव्हा काकू गेले चार रविवार पंचायतीत माझ्यासमोर येऊन बसतात. पहिल्यांदा मी सांगितलं, शाईचा पॅड सुकलाय. मग सांगितलं, शिक्का ग्रामसेवकाकडे आहे. तिसऱ्यांदा म्हटलं, वही बांधायला भिवंडीला गेलीय (तेव्हा काकूंचा कोपर वहीवरच होता). चौथ्यांदा सर्व्हर. त्या ‘बरं बाबा’ म्हणून जातात. पण वही जात नाही, मामा. मी ती कुठेही उघडली तरी त्याच पानावर उघडते. वर पाण्याचा तांब्या ठेवून बघितला, तांब्या काढला की पुन्हा तेच पान. आता, ते पान मी इतक्यांदा काढून बघितलंय की शिवणच तिथे मोडलीय, हे मला समजतं. सकाळी दहा वाजता चांगलं समजतं. बाराला समजत नाही.

तर माझी विचारणा अशी. वहीत मृत्यूची तारीख ८ आहे. तिच्याआधी नुसता एक काढला तर १८ होते. काका दहा दिवस जास्त जगतात, सतराला सही करतात, अठराला सुखाने जातात. माझा अहवाल खरा, माझी वही खरी, दोन्ही जीवन सुटले. अडचण एवढीच की नोंद मी १२ तारखेला केलीय, म्हणजे माणूस मरायच्या सहा दिवस आधी. पण बाराचे बावीस करायला कितीसं अवघड आहे? गावाने सतराला दहाव्याचं जेवण जेवलंय आणि माणूस अठराला मेला, हे जरा विचित्र दिसेल खरं, पण जेवलेलं कोण आठवतंय? मात्र मग काकूंचं घर जातं. ते मला कळतं. तेवढ्यासाठीच अजून पेन टेकवलं नाही. तुम्ही नाझर होतात, कागदाचं पाप-पुण्य तुम्हाला ठाऊक. उलट टपाली सल्ला द्या, आणि सध्याच्या नाझरसाहेबांच्या कानावर घाला की पोरगं सरळ आहे. मामींना जय भीम. गुडघ्याला जपा, कुंडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं.

तुमचा भाचा,
जीवन

ता. क. — वरचं सगळं मी सकाळी लिहिलं. आता संध्याकाळ आहे, आणि हे पाकीट चिकटवायला हात होत नाही. मामा, मी त्या शुक्रवारी गेलोच नव्हतो. १७ जानेवारीला मी पाच वाजेपर्यंत कोर्टात होतो, हजेरीपत्रक बघा. कुत्रं नव्हतं, खुर्ची नव्हती, गार कागद नव्हता. रविवारी, १९ तारखेला, विनिताताईंकडे बोंबलाचं कालवण हाणून मी त्या हातवाल्या खुर्चीत रेललो होतो. पिशवीत आपल्याच गावची नऊ समन्सं तीन आठवडे पडून, दुसऱ्या दिवशी तारखा. स्वतःच्या गावात दारोदार कोण फिरणार? मी नऊच्या नऊ अहवाल तिथेच लिहिले, शुक्रवारची तारीख टाकली, कारण शुक्रवारी माणसं घरी असतात आणि कुणाला शंका येत नाही. सह्याही मीच केल्या. ग्रामसभेची वही तीन वर्षं सांभाळून मला अख्ख्या गावाच्या सह्या पाठ आहेत. बाळारामकाकांची तर डोळे मिटून येते. ज्या टेबलावर, ज्या हाताने मी त्यांचा मृत्यू लिहिला, त्याच टेबलावर, त्याच हाताने सात दिवसांनी त्यांना जिवंत केलं, आणि मला आठवलंसुद्धा नाही. लिहिताना मी जांभई दिली होती. भुताची मला एवढी भीती वाटली नसती, मामा, जेवढी त्या जांभईची वाटते.

ता. क. दुसरा — मग पांढरा सदरा कुठून आला, हे तुम्ही विचारणारच. तो काकूंमुळे आला. गेल्या महिन्यात वकिलाने त्यांना माझ्या अहवालाची नक्कल दाखवली. काकूंना अक्षर येत नाही, पण ते दोन ठिपके येतात. पहिल्या रविवारी त्या पंचायतीत आल्या आणि दाखला मागायच्या आधी त्यांनी माझा हातच धरला. ‘तू बगितलास रं त्याला? दहाव्याच्या दिवशी? तरीच कावला शिवत नव्हता! आमी तिकडं तल्यावर उनान बसलेलो आन ह्यो घरान तुज्याशी बोलत बसलेला!’ आणि हसल्या, मामा. नवरा गेल्यापासून त्या बाईला गावाने हसताना बघितलं नव्हतं. मग विचारलं, अंगावर काय होतं? तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. पण बोललो असतो तर दोन्ही नोकऱ्या त्या खोलीतच संपल्या असत्या. मी म्हटलं, पांढरा सदरा. तिथून सुरू झालं. दर रविवारी त्या दाखल्यासाठी यायच्या, मी दाखला द्यायचो नाही आणि त्याऐवजी काकांचा एक तुकडा द्यायचो. एकदा खुर्ची, एकदा कुत्रं. ‘माझं पान तिकडे मांडलंय’ ऐकून तर त्यांनी पदराने डोळे पुसले. आता त्या दर शुक्रवारी लूम थांबले की खुर्ची ओटीवर काढतात आणि दार उघडं टाकून बसतात, न जाणो पुन्हा एखादं समन्स आलं तर. आणि मी कोर्टात बाराचा ठोका पडला की दचकतो, कारण त्या खुर्चीत कुणीतरी बसलंय हे मला माहीत असतं. मीच बसवलंय.

पेन मात्र माझं नाही. ते काकूंनीच आणलं. दहाव्याच्या दिवशी तळ्यावरून परत आल्यावर ओटीवर सापडलं म्हणे, ‘तुजंच ना?’ म्हणून हातात ठेवलं. भावकीतल्या कुणाचं तरी पडलं असणार. ते चालत नव्हतं, मी खूप झटकून बघितलं. ड्रॉवरमध्ये टाकून दिलं होतं.

ता. क. तिसरा, आणि खरं मागणं इथे आहे — आकड्यांबद्दल वर विचारलेलं विसरा. आज दुपारी, पाचव्या रविवारी, काकू आल्या. मी ग्रामसेवकाला त्याच्या घरून उठवून आणलं (आज मोटारसायकल चालू झाली) आणि दाखला काढला. तारीख ८ जानेवारी. जोडीला वहीचा उतारा हाताने लिहायचा होता, टेबलावर दुसरं काही सापडेना, ड्रॉवरमधलं ते पेन घेतलं. चाललं. मी फुंकरही मारली नव्हती. शिक्का उठवला, पॅड पहिल्यापासून ओलाच होता. उद्या वकील कागद दाखल करतील, वॉरंट थांबेल असं ते म्हणतात. उद्याच सकाळी मी नाझरसाहेबांच्या टेबलावर माझा अर्ज ठेवणार आहे की नऊ अहवाल मी एका खुर्चीत बसून लिहिले आणि ती खुर्चीही कोर्टापासून लपवलेली होती. म्हणजे रविवारचा जीवनही गेला आणि सोमवारचाही. माझ्यासाठी कुणाकडे शब्द टाकू नका. कौसल्येला मी आज जेवणं झाल्यावर सांगणार आहे, तिचं बीपी मी बघून घेईन.

पण दाखल्याची घडी करून पिशवीत ठेवताना काकू म्हणाल्या, ‘आता कोर्टान तूच सांग, तो आल्ता म्हनून. तू खोटं न्हाय बोलनार.’ मामा, कोर्टाला सांगायला मला कुणी लागत नाही. शिक्षा होईल ती होईल, कोर्टापुढे उभं राहायची सवय आहे. पण त्या बाईला जाऊन सांगायचं की त्या दिवशी कुणी आलं नव्हतं, सदरा माझा, बोलणं माझं, आणि कावळा नुसताच उशिरा आला होता, हे मला एकट्याने जमणार नाही. नवरा तिचा एकदा गेलाय, दुसऱ्यांदा तो माझ्या तोंडून जाणार. तेव्हा गुडघा दुखला तरी शुक्रवारी सकाळच्या एसटीने या. बाराच्या आत आपण दोघं तिच्या घरी पोचू. खुर्चीत मात्र बसू नका, ती रिकामी दिसली तरी. आपण खाली ओटीवरच बसू.